टोकियो शिकतोय? आधी एवढंच कर

टोकियो म्हणजे रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत असिंक (एक काम वाट बघत असताना दुसरं पुढे नेणारा) कोड चालवणारी लायब्ररी. साधं रस्ट हाताला बसलंय ना? ओनरशिपशी (डेटा कोणाच्या मालकीचा, याचे रस्टचे नियम) अजून झटापट चालू असेल तर टोकियो थांबेल, पळून जात नाही.

बसलं असेल तर कार्गोच्या (रस्टचा पॅकेज मॅनेजर) फाइलीत टोकियोची 1 आवृत्ती 'फुल' फीचरसह (जवळपास सगळ्या सोयी एकदम) टाक. काटछाट नंतर. नवे लोक हमखास इथे आपटतात:

- अवेट (असिंक कामाच्या निकालाची वाट बघायला सांगणारा शब्द) विसरणं. रस्टमधलं फ्युचर, म्हणजे असिंक फंक्शन परत देतं ते अजून न झालेलं काम, आळशी. असिंक फंक्शन नुसतं बोलावलं तर आतली एक ओळही चालत नाही. कंपायलर वॉर्निंग देतो, ती वाच.
- असिंक कोडमध्ये स्टँडर्ड लायब्ररीचं स्लीप. ते अख्खा थ्रेड अडवतं. टोकियो सहसा दर कोरला एक थ्रेड ठेवतं, म्हणून माझ्या 4 कोरच्या लॅपटॉपवर सर्व्हरचा पाचवा क्लायंट लटकायचा. दोन रात्री मी नेटवर्कला शिव्या घालत होतो! टोकियोचं स्वतःचं स्लीप वापर. ब्लॉकिंग (थ्रेड अडवणारं) काम टाळता येत नसेल तर स्पॉन-ब्लॉकिंग, ते काम वेगळ्या थ्रेडवर टाकतं.
- स्पॉनमध्ये (नवं असिंक काम सुरू करणारं फंक्शन) बाहेरचा रेफरन्स नेणं. मूव्ह लाव (डेटाची मालकी आत जाते), डेटा वाटून घ्यायचा असेल तर आर्क (मालकी वाटून घेणारा पॉइंटर).

पहिला प्रोजेक्ट एको सर्व्हर (आलेला मजकूर तसाच परत पाठवणारा): टीसीपी लिसनर, दर कनेक्शनला एक स्पॉन. पिन, सिलेक्ट या पुढच्या विषयांच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. अडलं तर एरर पूर्ण चिकटव, नुसती शेवटची ओळ नको.