क्षणात फुटणाऱ्या अणुकेंद्रकाचं अर्धायुष्य मोजतात कसं?

तुम्ही विचारलंय: न्यूट्रॉन जास्त झालेलं केंद्रक काही मिलिसेकंदच टिकत असेल तर घड्याळ लावायचं कधी, आणि ग्राफला फिट मारलं, म्हणजे जुळणारी वक्ररेषा बसवली, की झालं ना?

नाही झालं. अर्धायुष्य म्हणजे निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा वेळ, आणि तो मोजायला घड्याळ ही अडचणच नाही. प्रयोगशाळेतली उपकरणं नॅनोसेकंद मोजतात, मिलिसेकंद म्हणजे निवांत दुपार. खरं भांडण हा बीटा, म्हणजे केंद्रक फुटताना बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन, कोणाचा याचं.

कॅडमियम-130 घ्या. 48 प्रोटॉन, 82 न्यूट्रॉन. बीममधून, म्हणजे वेगवान केंद्रकांच्या झोतातून, येताना त्याची ओळख चुंबकातला मार्ग, उड्डाणकाळ आणि पातळ डिटेक्टरात सोडलेली ऊर्जा यांवरून पटवतात. पण एक इलेक्ट्रॉन चिकटून राहिलेलं कॅडमियम-127 त्याच चुंबकातून जवळजवळ तसंच वळतं. वस्तुमान-भार गुणोत्तरातला फरक 0.23 टक्के. प्रकाशाच्या 0.6 पट वेगानं 45 मीटर जायला 250 नॅनोसेकंद लागतात, त्यात हा फरक जेमतेम 0.4 नॅनोसेकंदांचा. टायमिंग ढिलं असेल तर जास्त जगणारं केंद्रक तुमच्या आकड्यात घुसतं.

पुढे ते सिलिकॉनच्या पट्ट्यांत रुततं. एका दिशेला 60, दुसऱ्या दिशेला 40, म्हणजे 2400 चौकटी. त्याच चौकटीत पुढे आलेला बीटा त्याचा मानायचा. बीमचा ठिपका मधल्या थोड्या चौकटींवरच पडतो, तिथे मोंढ्यासारखी गर्दी, आणि परका बीटाही मोजला जातो. म्हणून केंद्रक रुतण्याच्या आधीच्या वेळेतले बीटाही तसेच जोडून बघायचे. ते त्याचे असूच शकत नाहीत, तेच तुमचं बॅकग्राउंड, म्हणजे वजा करायची परकी मोजणी. शिवाय लेक, म्हणजे कॅडमियम फुटून बनलेलं इंडियम-130, तीही फुटते, तिलाही समीकरणात धरायचं.

कॅडमियम-130 चं अर्धायुष्य आधी 162 मिलिसेकंद मानत. 2015 मध्ये जपानच्या रिकेनमधून 127 आलं, पुढच्या वर्षी कॅनडात, ट्रायम्फला, गॅमा रेषा धरून 126. χ² (फिट किती जुळलं याचं माप) चांगला आला म्हणजे उत्तर बरोबर, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

आपल्याकडे नांदेड-परभणीत बीम नाही, पण हीच चूक सीझियम जनरेटरमधून (सीझियम-137 पासून बनणारं बेरियम द्रावणानं धुवून काढायचा छोटा संच) काढलेल्या बेरियम-137एम वर करता येते, अर्धायुष्य 2.55 मिनिटं. रिकाम्या टेबलाचं बॅकग्राउंड वजा करू नका. द्रावणात थोडं सीझियम गळतंच, म्हणून तीच कुपी तासाभरानं पुन्हा मोजा आणि ते वजा करा. सुरुवातीचा दर फार असेल तर गायगर ट्यूबचा डेड टाइम, म्हणजे एक मोजल्यावर ती क्षणभर आंधळी असते तो वेळ, पहिले आकडे खातो. दोन्ही चुका अर्धायुष्य वाढवूनच दाखवतात. व्होल्टेज प्लॅटोच्या, म्हणजे ते बदललं तरी मोजणी फारशी बदलत नाही त्या पट्ट्याच्या, मधोमध ठेवा, आणि स्टॅबिलायझर लावा.

एक राहिलं: हे सगळं बीटा-क्षयाचं. ऑक्सिजन-28 सारखं केंद्रक लगेच न्यूट्रॉन सोडून फुटतं, डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. त्याचा माग ऑक्सिजन-24 आणि चार न्यूट्रॉन एकत्र पकडून काढावा लागतो.