रत्नागिरीत कुत्र्याला फिरवायला विश्वासू माणूस कसा निवडावा?

दोघंही नोकरीला, घरी दीड वर्षाचा लॅब्राडोर, सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोणावर भरवसा ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय.

'मला कुत्र्यांची भारी आवड' या वाक्यावर जाऊ नका, ते सगळेच म्हणतात. नाव जनावरांच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारा. मालक नसताना कोण कुत्र्याशी कसं वागतं, हे त्याने पाहिलेलं असतं.

मग दोन-तीन दिवस सोबत चाला आणि त्याचे हात बघा. दोरी बोटांभोवती गुंडाळणारा नको. लॅब्राडोरने झटका दिला की बोट मोडतं. फास अंगठ्यात अडकवून मूठ बंद हवी. निघण्यापूर्वी तो गळ्यातल्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघतो का? पट्टा त्याहून सैल असला तर घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोकं काढून घेतो. छातीचा हार्नेसही लावलेला बरा. नाक्यावरचे भटके कुत्रे अंगावर आले की धावणारा किंवा दगड उचलणारा कामाचा नाही. शांतपणे वाट बदलणारा हवा.

दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला: भाट्याच्या किनाऱ्यावर रापणीतून (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यातून) टाकलेला केंड, म्हणजे विषारी फुगा मासा, कुत्र्याने गिळला तर? बरोबर उत्तर एकच, लक्षणांची वाट न बघता थेट डॉक्टरकडे. त्या विषावर उतारा नाही. पाय लुळे पडतात, मग श्वास अडकतो. दुसरा: गवतात फुरसं चावलं तर? दोरी आवळणं, जखम कापणं हे उत्तर आलं की पुढे बोलू नका. कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं आणि जाता जाता तुम्हाला फोन करायचा.

वेळेबाबत कडक राहा. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊला येणारा माणूस कितीही सज्जन असो, उपयोगाचा नाही. डांबरावर किंवा कातळावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे तळवे भाजतात. दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर थंड होत नाही. पावसात डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, उंदरांच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. घरी आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायची. बागांच्या कडेला बिबट्या फिरतो, म्हणून अंधारायच्या आत परत.

आधार कार्डाची प्रत घ्या, पण चावी लगेच देऊ नका. सुरुवातीला शेजाऱ्यांकडून कुत्रा ताब्यात देण्याची सोय करा. लाइव्ह लोकेशन मागा, पण ते मोबाइलचं असतं, कुत्र्याचं नव्हे. 'आज माझा भाऊ येईल' हे चालणार नाही, असं आधीच सांगा. तुमच्या कुत्र्याची रेबीजची लस चालू असली पाहिजे आणि त्या माणसानेही आगाऊ लस घेतलेली बरी. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पंधरवड्यानंतर त्याच्या येण्यावर कुत्रा खाटेखाली शिरत असेल, तर कारण शोधत बसू नका, माणूस बदला. आणि 'आज शी पातळ झाली, पुढचा उजवा पाय जरा लंगडत होता' हे न विचारता सांगणारा मिळाला, तर दोन पैसे जास्त देऊन टिकवा.