पोटातला गोळा आणि बॅगा सांभाळणारी बाई

"मॅडम, मेच्या सुट्टीला सहा आठवडे आहेत. तेवढ्यात माझी राइडची भीती घालवून द्या."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच स्नेहल हे बोलली. वय ३८, पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.) घरात बेत ठरला होता. दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, नवरा, अकरा वर्षांची ईरा आणि ही, सगळे मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जाणार होते. दोन वर्षांपूर्वीही गेले होते. तेव्हा ही दिवसभर एका बाकावर बसून होती. मांडीवर तीन सॅक, बाजूला पाण्याच्या बाटल्या, ओढणीत गुंडाळलेले चार जणांचे मोबाइल आणि दोन चष्मे. दीर जाता-येता म्हणायचे, "वहिनी आहेत म्हणून लॉकरचे पैसे वाचले." ते तिला फारसं लागलं नव्हतं. लागलं ते परतताना घाटात ईरानं विचारलेलं: "आई, तू कायम बाहेरच का बसतेस?"

स्नेहलनं बरेच व्हिडिओ पाहिले होते. भीतीला पाठ दाखवली की ती वाढते, सामोरं गेलं की ओसरते, हे तिला तोंडपाठ होतं. खोटं नाहीच ते. लोकांची भीती घालवायच्या माझ्या रोजच्या कामात मी त्याच वाटेनं जाते.

मी विचारलं, "राइडमध्ये बसल्यावर नेमकं कुठं काय होतं?"

हात सरळ बरगड्या मिळतात तिथं गेला आणि दोन बोटं खाली थांबला. "इथं. गोळा येतो. आतलं सगळं वर राहतं आणि मी खाली जाते."

आता 'पोटात गोळा येणं' हे आपण मराठीत भीतीसाठीच वापरतो. निकालाच्या दिवशी गोळा येतो, रात्री उशिरा फोन वाजला की गोळा येतो. भाषेनं या दोन गोष्टी इतक्या घट्ट बांधल्या आहेत की स्नेहलची गल्लत झाली आणि पहिल्या भेटीत माझीही झाली. मी नेहमीसारखी पायरी-पायरीची आखणी केली. पहिली पायरी म्हणजे बागेतला झोका, रोज दहा मिनिटं. त्रास शून्य ते दहामध्ये किती, तो आकडा वहीत लिहायचा.

आठ दिवसांनी ती वही घेऊन आली. मी एकच आकडा मागितला होता. तिनं पट्टीनं रेघ मारून दोन रकाने केले होते. एकावर 'भीती', दुसऱ्यावर 'गोळा'. भीतीच्या रकान्यात ३, २, २, १, ०, ०, ०, ०. गोळ्याच्या रकान्यात ६, ६, ७, ६, ६, ७, ६, ६.

ती वही मी बराच वेळ बघत राहिले. भीती असती तर सवयीनं दोन्ही रकाने उतरले असते. इथं एक उतरला होता, दुसरा जागचा हलला नव्हता.

मग मी आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. उंचीचं काय? तर ही बाई हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पालथं झोपून खाली बघते. घाटात गाडी स्वतः चालवते. लिफ्टनं जाते, विमानानं जाते. विमान हवेत एकदम खाली बसलं की तेवढा क्षण नको वाटतो, पण म्हणून तिकीट रद्द केलेलं नाही. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सांगून जातो: राइडमधून उतरल्यावर काय वाटतं? भीतीवर मात करून बसलेली माणसं थरथरत उतरतात, पण बरेचदा डोळे चमकत असतात आणि "परत जाऊया" म्हणतात. स्नेहल म्हणाली, "सुटले, एवढंच."

"मग भीती घालवायचं काम इथंच थांबवूया," मी म्हटलं. "घालवण्याइतकी भीती इथं नाहीच. तुम्हाला ती संवेदना आवडत नाही. एखाद्याला कारल्याची चव आवडत नाही तशी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी घाबरट नाही?" ३८ वर्षांच्या बाईनं हा प्रश्न ज्या आवाजात विचारला, तो अजून माझ्या कानात आहे.

गणिताच्या शिक्षिकेला नुसता धीर पुरत नाही, म्हणून गोळ्यामागचं कारण आम्ही कागदावर मांडलं. एरवी जमीन किंवा खुर्ची आपल्याला खालून रेटून धरते, आणि पोटातले अवयवही खालून तोललेले असतात. जठर आणि आतडी काही खिळ्यानं ठोकून बसवलेली नाहीत, पातळ पडद्यांनी सैलसर धरलेली असतात. खाली सोडून दिलं की तो आधार एकदम जातो आणि ती आतल्या आत जराशी वर सरकल्यासारखी होतात. कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, वजनाची दिशा तेच सांगतात. त्यांचाही निरोप त्याच क्षणी बदलतो. 'आतलं सगळं वर राहतं' हे स्नेहलचं वाक्य शब्दशः खरं होतं. कुणाला त्यात गंमत वाटते, कुणाला किळस. वेळेचा हिशोब तिनंच केला: २० मीटर मोकळं पडायला साधारण दोन सेकंद लागतात, आणि तळाशी वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पोचतो. "दोनच सेकंद," ती म्हणाली, आणि लगेच, "पण जत्रेतली ती मोठी नाव झुलते तेव्हा ते दोन-दोन सेकंद वीस वेळा येतात."

याच वाक्यापासून आमची खरी निवड सुरू झाली. राइड किती उंच, किती वेगवान, उलटी करते की नाही, यावर लोक 'भयंकर' आणि 'सोपी' असं ठरवतात. गोळा न आवडणाऱ्याला हे मोजमाप कामाचं नाही. त्याला एवढंच बघायचं असतं, की राइड शरीराला सीटमध्ये दाबते की सीटवरून उचलते. उलटं फिरवणाऱ्या लूपच्या तळाशी शरीर वजनाच्या तिप्पट-चौपट जोरानं सीटमध्ये दाबलं जातं. पोट तिथं दबतं, सुटत नाही. उलट जत्रेत कोलंबस म्हणतात ती झुलणारी नाव दिसायला साधी, लहान मुलंही बसतात, पण दोन्ही टोकांना थांबून परत फिरताना दर खेपेला उचलते. टोकाच्या रांगेत सगळ्यात जास्त, मधल्या रांगेत बरंच कमी. गोल गरगरवणारी ब्रेक डान्ससारखी राइड बाजूला फेकते; तिथं गोळा नसतो, मळमळ असते, आणि मळमळ हे वेगळंच दुखणं. डोळे एक सांगतात आणि कान दुसरं, त्यातून ती होते. ज्याला बसमध्ये उलटी होते त्यानं गरगरणाऱ्या राइड आणि पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्या जपून निवडाव्यात. स्नेहलला तो त्रास नव्हता.

पुढच्या भेटीत आम्ही लॅपटॉपवर एकेका राइडचा, सीटवरून काढलेला व्हिडिओ पाहिला. तिनं एक हात पोटावर ठेवला होता. जिथं हात आवळला जाई तिथं मी व्हिडिओ थांबवायची. डेअर टू ड्रॉप, म्हणजे मनोऱ्यावरून सोडतात ती, पाच सेकंदात बाद झाली. नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरला, म्हणजे रुळांवरून चढ-उतार घेत धावणाऱ्या गाडीला, हात बराच वेळ सैल होता, लूपमध्येसुद्धा. आवळला तो पहिल्या मोठ्या उतरणीला. ती उतरण काही चुकत नाही. गोल्ड रश एक्सप्रेस ही खाणीतल्या रेल्वेसारखी छोटी कोस्टर: वळणं जास्त, उतार बेताचे. "ही चालेल." आय फॉर इंडियात पाय लोंबकळत मोठ्या पडद्यावर देशावरून उडत जातात, ती तर तिला मनापासून आवडली. राजासॉरसच्या नावेत बराच वेळ डायनॉसोर बघत निवांत जातो आणि शेवटी एक उतरण येते. आधी माहीत असलं तर माणूस ठरवू शकतो. न सांगता बसवणं ही मला फसवणूक वाटते, घरच्यांनी प्रेमानं केली तरी. डीप स्पेस अंधारात असते, पुढचा उतार दिसत नाही आणि पोट आवळून धरायला वेळ मिळत नाही, म्हणून तिनं तीही खोडली.

बसायचंच ठरलं तर गोळा कमी करायच्या काही साध्या गोष्टी आहेत. कोस्टरमध्ये मधले डबे धरावेत. शेवटचा डबा माथ्यावरून खाली खेचला जातो, तिथं उचल जास्त. पाठ आणि डोकं सीटला टेकवून ठेवावं, उतरणीच्या आधी पोटाचे स्नायू घट्ट करावेत आणि खाली जाताना श्वास न कोंडता सोडावा, ओरडलं तरी उत्तम. पोट गच्च भरलेलं नको, अगदी रिकामंही नको. गरोदरपण, हृदयाचा किंवा मानेपाठीचा त्रास असेल तर प्रवेशाजवळची पाटी शब्द न् शब्द वाचायची आणि पाळायची.

एक गोष्ट तिसऱ्या भेटीत, अगदी उठता उठता निघाली. गावच्या जत्रेत आकाशपाळणा असायचा. सात-आठ वर्षांची असताना मामानं बसवलं. पाळणा वरून खाली येताना ती "थांबवा" म्हणून ओरडत होती, खाली मामा आणि पाळणेवाला हसत होते, आणि मामानं बोटानं खूण केली: अजून दोन फेऱ्या. मामा वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं, पोरगी धीट होईल. सगळ्याचं मूळ या आठवणीतच आहे, असं मी म्हणणार नाही. गोळा तिला त्या आधीही आवडत नसणार. पण 'मला नको' म्हटल्यावर लोक हसतात, हे ती त्या दिवशी शिकली. पुढं 'नको' म्हणायच्या ऐवजी बॅगा मागून घ्यायची सवय तिथूनच लागली असावी. हे मी अनेकांत पाहिलं आहे. नकार द्यायची सोय नसली की माणूस एखादं काम ओढवून घेतो.

म्हणून उरलेल्या दोन भेटींत आम्ही राइड बाजूला ठेवून बोलण्याचा सराव केला. मी दीर झाले. "अहो वहिनी, एकदा बसून तर बघा!" पहिल्यांदा तिनं कारणं दिली, मान दुखते, चक्कर येते. कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय काढतो. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "भावजी, भीती वाटत नाही, आवडत नाही. तुम्ही जा. बॅगा लॉकरमध्ये ठेवू, मी तोवर गोल्ड रशला जाते." आवाज थोडा कापला, पण वाक्य पूर्ण झालं.

ईराशी काय बोलायचं, हे मी सांगितलं नाही. तिलाच विचारायला लावलं: तुला आई राइडवर हवी की सोबत हवी? ईरा म्हणाली, "रांगेत मला एकटीला कंटाळा येतो गं. दादालोक त्यांचंच बोलतात."

मेमध्ये ते जाऊन आले. नायट्रोच्या रांगेत स्नेहल लेकीबरोबर पाऊण तास उभी होती. वर्गातल्या दोन मैत्रिणींचं भांडण, एका सरांची नक्कल, सातवीत कुठली भाषा घ्यायची, असं इतकं बोलणं घरी महिनाभरात होत नाही म्हणाली. बसायच्या फाटकाशी कर्मचाऱ्याला सांगून ती बाजूनं बाहेर पडली. गोल्ड रशमध्ये मधल्या डब्यात दोनदा बसली. राजासॉरसची उतरण माहीत असून घेतली. गोळा सहाचाच होता, पण एकदाच. डेअर टू ड्रॉपवरून ईरा उतरली ती गप्प. थोड्या वेळानं आईचा हात स्वतःच्या पोटावर ठेवून म्हणाली, "हे कधी जातं?" दादा परत जाऊया म्हणत होते. ईरा नाही गेली, आणि कुणी हसायच्या आत स्नेहलनं विषय संपवला.

हे सगळं लिहिताना एक काळजी आहे. प्रत्येक भीतीला 'नावड' म्हणून सोडून देऊ नका. जो लिफ्ट टाळून नऊ मजले चढतो, उड्डाणपूल चुकवायला दूरचा रस्ता धरतो, सहलीच्या आठवडाभर आधीपासून ज्याची झोप उडते, छाती धडधडून जीव जातोय असं वाटतं, त्याला मदत हवी आणि ती मिळते. तिथं पायरी-पायरीनं सामोरं जाणं खरोखर काम करतं. आणि आई-वडिलांना हात जोडून सांगते, "एकदा बस, मग आवडेल" म्हणून रडणाऱ्या मुलाला पट्टा बांधू नका.

परवा स्नेहल पुन्हा येऊन गेली. डिसेंबरात नणंदेकडे फ्लोरिडाला जायचं आहे, ऑर्लँडोचं डिस्नेही ठरलं आहे. तिथल्या राइड तिनं वहीत उतरवून आणल्या होत्या. टॉवर ऑफ टेररपाशी तिचं बोट थांबलं. १९९४ पासूनची ही लिफ्टची राइड. मी सांगितलं, यात लिफ्ट नुसती सोडत नाहीत, तारांनी खाली ओढतात, म्हणजे नुसत्या पडण्यापेक्षाही जोरात, आणि कधी ओढतील ते आधी कळत नाही. तिनं पट्टी काढून सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'ईरा आणि आत्या'. त्याखाली, जरा बारीक अक्षरात: 'रांगेत मी'.