पहिलीच मॅरेथॉन आणि तीही संस्थेच्या निधीसाठी: दोन्ही एकदम झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की आजवर दहा किलोमीटरच्या पुढे कधी गेला नाहीत, शर्यतीला सात महिने आहेत आणि एका संस्थेसाठी पैसेही जमवायचेत. झेपेल. मी हे दोनदा केलंय, आणि मी काही जातिवंत धावपटू नाही. पहिल्या वेळी पाच तास बारा मिनिटं लागली. पण दोन्हींत अवघड काय, तर पैसे मागणं.

धावण्याचं आधी उरकतो. सात महिने पुरेसे आहेत. पहिले दोन महिने नुसती सवय लावा, मग 18-20 आठवड्यांचा आराखडा धरा. आठवड्यातून चार दिवस धावणं, त्यात एक लाँग रन. तो हळूहळू 30-32 किलोमीटरपर्यंत न्यायचा, दर तीन-चार आठवड्यांनी एकदा अंतर कमी करायचं आणि शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे धावणं कमी करत आणायचं. लाँग रन गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने करा. सगळे नवखे इथेच फसतात, मीही फसलो आणि नडगी धरून तीन आठवडे घरी बसलो. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा बऱ्याच जणांचा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. धावपटू ज्याला 'भिंत' म्हणतात ती हीच. म्हणून धावता धावता एनर्जी जेल (धावपटूंसाठीचा गोड, दाट पाक) किंवा काहीतरी गोड घ्यायची सवय सरावातच करा, शर्यतीच्या दिवशी नवा प्रयोग नको. आणि भीतीपोटी घटाघटा पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम घसरणं जिवावर बेतू शकतं. छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर आधी डॉक्टर.

आता पैशांचं. लंडनसारख्या मोठ्या शर्यतींत काही जागा संस्थांकडे असतात. अशी जागा घेतली की तुम्ही किमान एवढी रक्कम जमवीन असा शब्द देता. तो कागद नीट वाचा. रक्कम कमी पडली तर उरलेली कोण भरणार? दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षी सरकते का? पैसे तुमच्या खात्यातून जाणार की देणगीदार थेट संस्थेला देणार? माझं मत विचाराल तर थेटच जाऊ दे, पावतीही संस्थेचीच. शिवाय प्रवेशशुल्क, बूट, प्रवास स्वतःच्या खिशातून करा आणि तसं स्पष्ट लिहा. 'याच्या हौसेला आम्ही का पैसे द्यायचे?' हा प्रश्न लोक तोंडावर विचारत नाहीत, पण मनात असतो.

पहिल्या वेळी मी एक लांबलचक संदेश लिहिला आणि असतील नसतील त्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. अंगठे पुष्कळ आले. पैसे तिघांनी दिले, त्यातली एक माझी बहीण. मला तर हात पसरल्यासारखं वाटत होतं, त्यामुळे महिनाभर पुन्हा विषयच काढला नाही. मग एका मैत्रिणीने दटावलं तेव्हा रोज पाच जणांना, नाव घालून, वेगवेगळं लिहायला लागलो. संस्था लहान मुलांना श्रवणयंत्रं द्यायची. एका यंत्राला किती लागतात ते मी लिहायचो आणि त्यातला किती वाटा उचलाल असं सरळ विचारायचो. सुरुवातीची देणगी स्वतःची टाकली, कारण देणग्यांच्या रिकाम्या ऑनलाइन पानावर पहिलं नाव घालायला कोणी धजत नाही.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. कर्करोगाने पाय गेलेला हा मुलगा 1980 साली कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावत होता. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले, मग फुप्फुसांत कर्करोग आढळला आणि थांबावं लागलं. त्याचं मागणं काय होतं? प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर. कोणालाही कळेल आणि परवडेल असं. फेब्रुवारी 1981 पर्यंत निधी 2 कोटी 41 लाख डॉलरवर गेला, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या लोकसंख्येएवढा. आपण टेरी फॉक्स नाही, पण मागणं इतकं साधं ठेवायला हरकत नाही.

कोण देईल याचे अंदाज बांधू नका. ज्याच्यावर माझी मदार होती त्याने संदेश वाचून सोडून दिला. मी त्याला पुन्हा टोकलं नाही. नऊ वर्षं बोलणं नसलेल्या एका वर्गमित्राने सगळ्यांत मोठी रक्कम दिली. त्याची मुलगी श्रवणयंत्र वापरते, मला माहीतच नव्हतं.

अधूनमधून लोकांना कळवत राहा, पण 'कृपया देणगी द्या' हे पालुपद नको. 'आज 26 झाले, पायाचं एक नख गेलं' हे लोक आवडीने वाचतात. शर्यत संपल्यावर वेळ, फोटो, जमलेली रक्कम आणि त्यातून किती यंत्रं येणार हे सगळ्यांना कळवा, न देणाऱ्यांनाही. माझ्या त्या संदेशानंतर आणखी सहा जणांनी पैसे दिले, त्यामुळे निधीचं पान शर्यतीच्या दिवशीच बंद करू नका, निदान महिनाभर उघडं ठेवा.