कपाटांची कुलपं आधी काढ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झालीस आणि लगेच पुस्तकांची दाखल नोंदवही लावायला घेतलीस, हे वाचून बरं वाटलं. नोंदवही लाव, पण कपाटांची कुलपं आधी काढ. हे सगळ्यांनाच रुचेल असं नाही. पडताळणीत पुस्तक कमी भरलं तर भरपाई आपल्याच गळ्यात पडेल, या धास्तीने आपल्यातले कितीतरी ग्रंथपाल जन्मभर पुस्तकं राखत बसले आणि मुलं काचेतून नुसती नावं वाचत राहिली. म्हणून मुख्याध्यापकांशी आत्ताच बोल. पुस्तकं हाताळली की दरवर्षी थोडी फाटणार, थोडी हरवणार, हे त्यांच्याकडून लेखी मान्य करून घे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रं तू परीक्षेसाठी घोकली असशीलच. हा माणूस मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होता. १९२४ साली विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ सालच्या पुस्तकात त्याने पहिलंच सूत्र मांडलं, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, तोही बऱ्याच ठिकाणी कुलूपबंद कपाटासमोर उभं राहून!

मांडणीचं म्हणशील, तर ८९१.४६ हा मराठी साहित्याचा वर्गीकरण क्रमांक तुझ्यासाठी आहे. पाचवीतला मुलगा येतो तो ‘भुताचं आहे का?’ किंवा ‘क्रिकेटचं द्या’ म्हणत. क्रमांक पुस्तकाच्या कण्यावर राहू दे, पण फळीवर त्याच्या भाषेतली पाटी लाव आणि लहानांची पुस्तकं त्यांचा हात पोचेल इतकी खाली ठेव. कुणी जाडजूड पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आणलं, तर ‘एवढ्यात झालं? सांग बघू गोष्ट’ असं दरडावू नकोस. अर्धवट सोडलेलं पुस्तकही त्याने स्वतः निवडलेलं असतं. शाळेत बाकी सगळं त्याच्यासाठी दुसरंच कुणी ठरवतं, विषय, बाक, डब्याची वेळसुद्धा.

मधल्या सुट्टीत रोज कोपऱ्यात येऊन बसणारी दोन-तीन मुलं तुला दिसतील. ती वाचत असतीलच असं नाही. मैदानावर कुणी खेळायला घेत नाही, वर्गात चिडवतात, म्हणून ती येतात. त्यांना पुस्तक वाचायचा आग्रह करू नकोस. तारखेचा शिक्का मारायला दे, परत आलेली पुस्तकं लावायला दे. नकळत तीच तुझी पहिली मदतनीस होतात, आणि कुठलं पुस्तक कुठे आहे हे तुझ्याआधी सांगतात.

आता मोबाईलचं. प्रकल्पाची माहिती मुलं जशीच्या तशी उतरवून आणणार, त्यावर रागावून उपयोग नाही. तुझ्या कपाटात सौरमालेचं एखादं जुनं पुस्तक नक्की असेल, प्लूटोला नववा ग्रह म्हणणारं. २००६ साली त्याला बटुग्रह ठरवलं गेलं. जुनी पुस्तकं नोंदीतून कमी करताना ते रद्दीत घालू नकोस, टेबलावर ठेव. शेजारी संगणकावर आजची माहिती उघड आणि विचार, दोघांतलं खरं कोण, कशावरून, कुणी लिहिलंय, कधी? मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, तेही दाखव. छापलंय म्हणून खरं नाही आणि स्क्रीनवर आलं म्हणूनही नाही, हे मुलांना एका तासात कळतं. या कामासाठी ग्रंथालयाइतकी सोयीची जागा शाळेत दुसरी नाही, कारण इथे मार्क नसतात.

पैशांची रड सगळीकडे आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सरकारी शाळांना वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे; तुमची शाळा त्यात बसते का, ते कार्यालयात विचार. तोवर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, ते संगणकावर उघडून दे.

आणि खरेदी मार्चअखेरच्या घाईत पुरवठादाराच्या छापील यादीवर खुणा करून उरकू नकोस. एक वही काउंटरवर ठेव, मागितलेलं आणि न मिळालेलं पुस्तक मुलांनाच त्यात लिहू दे. दिवाळीपर्यंत जमलेली यादी मला पाठव. विज्ञानाच्या पुस्तकांत मी दोन-चार नावं सुचवीन.

तुझी,
बाई