दोघांचे घर आणि पाहुण्यांचा मे महिना

उन्हाळ्याच्या दिवसांत नवरा-बायकोच्या रोजच्या जगण्यात नेमके काय अडते, असे आम्ही मागच्या अंकात वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांतील तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे डोंबिवलीतून निवृत्त होऊन सहा वर्षांपूर्वी गुहागर तालुक्यातील आमच्या घरी कायमचे राहायला आलो. माझे वय ६२, यजमानांचे ६७. हापूसची चाळीस कलमे आणि थोडी पोफळी आहेत. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत घरी पाहुण्यांची रीघ असते. गेल्या वर्षी मी वहीत लिहून ठेवले, तर पन्नास दिवसांत सात तुकड्या, एकंदर ३३ माणसे येऊन गेली. सगळी जवळची आणि लाडकी माणसे. यजमान फोनवर "या हो, घर तुमचेच आहे" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर मला सांगतात. पहाटे पाचला पंप लावण्यापासून रात्री गाद्या घालेपर्यंत मी उभी असते. एरवी आम्ही दोघे रोज संध्याकाळी समुद्रावर चालायला जातो, ते मे महिन्यात पूर्ण बंद पडते. माझी आई पुण्याला भावाकडे असते. तिचे वय ८६. तिच्याजवळ आठ दिवस राहावे असे तीन उन्हाळे मनात आहे. कुणालाही न दुखावता हे कसे जमवावे?

उत्तर : ताई, तुम्ही पाहुण्यांची नोंद वहीत केलीत, हे फार चांगले केलेत. ती वही यजमानांना दाखवली आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. दाखवली नसेल, तर आज संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांच्या हातात द्या आणि ते वाचत असताना काही बोलू नका. एकेका फोनच्या वेळी त्यांना एकच कुटुंब दिसत असते. सातही तुकड्या एका पानावर त्यांनी कधी पाहिलेल्या नसतील.

"घर तुमचेच आहे" हे वाक्य त्यांनी लहानपणी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले असणार. तेव्हा त्या घरात आजी होती, काकवा होत्या, आत्या होत्या, परड्यात राबणारा गडी होता, आणि आलेली माहेरवाशीण दुसऱ्या दिवशी पदर खोचून चुलीपाशी बसत असे. ते वाक्य इतक्या हातांच्या भरवशावर उच्चारले जात होते. आज त्याच ओटीवर, त्याच मोठ्या मनाने, ते बोलले जाते आणि स्वयंपाकघरात तुम्ही एकट्या असता. यजमानांचे मन उदार आहे, ते तसेच राहावे. फक्त यापुढे आमंत्रण दोघांनी मिळून द्यायचे, म्हणजे फोनवर त्यांनी "हिच्याशी बोलून संध्याकाळी कळवतो" असे म्हणायचे, एवढे त्यांच्याकडून मागून घ्या. हे म्हणण्यात कमीपणा आहे असे अजूनही पुष्कळ पुरुषांना वाटते. मला तो गैरसमज वाटतो, आणि तो घालवायला ६७ हे वय मुळीच उशिराचे नाही.

आता तारखांविषयी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते; पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे १० मे रोजी चिपळूणला उतरायचे असेल, तर ११ मार्चला तिकीट काढायला बसावे लागते, आणि मे महिन्यातील कोकण रेल्वेच्या जागा किती लवकर संपतात हे तुमच्या पाहुण्यांना पक्के ठाऊक आहे. याचा तुम्हाला उपयोग करून घेता येईल. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, तिकिटे खुली होण्याआधी, दोघांच्या नावाने सर्वांना एकच निरोप पाठवा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घर मोकळे आहे, आपापले दिवस सांगा. दोन तुकड्यांमध्ये किमान दोन दिवस रिकामे ठेवा. तेवढ्यात चादरी धुऊन वाळतात, उन्हाने खाली गेलेले विहिरीचे पाणी थोडे वर येते आणि तुमची पाठ जमिनीला टेकते. नकार द्यावा लागतो तो तारीख आधी न सांगितल्यामुळे. दिवस भरले आहेत हे मार्चमध्ये कळले, तर कोणी रागावत नाही. यंदाचे बोलावणे झालेलेच असेल, तरी राहिलेल्या दिवसांचे कागदावर मांडणे आजही करता येईल.

कामाच्या बाबतीत माझा अनुभव सांगते. राजापूरजवळ माझ्या मावशीचे घर होते. आल्या दिवशी संध्याकाळी ती पाहुण्याच्या पुढ्यात खवणी आणि फोडलेला नारळ ठेवीत असे. माझे वडील मुंबईच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते लेंग्यावर मांडी घालून खवणीवर बसत, आणि करवंटीच्या कडेचा काळपट भाग खोबऱ्यात उतरला की मावशी त्यांना न ओशाळता सांगे, "भावोजी, पांढरे तेवढेच." त्या घरात आम्ही कधी पाहुणे नव्हतो, आणि मावशी माझ्या आठवणीत कधी थकलेली नाही. तुमच्याकडे तर देण्यासारखी कितीतरी कामे आहेत. झेल्याने आंबा देठासकट अलगद कसा उतरवायचा, हे शिकायला शहरातील मुले दुपारची झोप सोडतील. अढीत आंबे आठ-दहा दिवस असतात. रोज सकाळी गवत बाजूला करून तयार झालेले फळ वासावरून आणि अंगठ्याच्या हलक्या दाबाने ओळखणे, हे काम बारा वर्षांच्या मुलीकडे पूर्णपणे सोपवता येते. निघण्याच्या सकाळी प्रत्येकाने आपली चादर आणि उशीचा अभ्रा धुऊन दोरीवर टाकायचा, हा नियम यजमानांनी सांगावा. तुम्ही सांगितलात तर ती गृहिणीची तक्रार वाटेल. त्यांनी सांगितला तर ती घराची रीत होईल. हा फरक अन्यायाचा आहे, हे मला मान्य आहे, पण यंदाच्या मे महिन्यापुरता त्याचा फायदा घ्या.

जेवणाचा बेतही उतरवा. मुंबईहून आलेल्या माणसाला रोज आमरस-पुरी नको असते. मऊ भात, आठळ्यांची भाजी, सोलकढी आणि भाजलेला पापड या जेवणावर तो दोन घास जास्तच जेवेल.

समुद्रावरचे चालणे यंदा एक दिवसही बंद करू नका. सहा वाजता दोघांनी चपला घालायच्या, "साडेसातला येतो, खिचडी टाकून ठेवा" असे सांगायचे आणि निघायचे. पहिल्या दिवशी कोणी बरोबर येऊ म्हणेल, तेव्हा "उद्या सगळे मिळून जाऊ, आज आम्ही दोघेच" असे हसून सांगता येते. तसेच प्रत्येक तुकडीला हेदवीचा दशभुज गणपती आणि वेळणेश्वर तुम्हीच दाखवले पाहिजे असे नाही. धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे दाभोळला कसे जायचे, हे एका कागदावर लिहून द्या आणि त्यांना सकाळी लवकर पाठवा. ती मंडळी खाडी ओलांडून दापोलीकडे फिरत असतील, तेव्हा पाच-सहा तास घर तुमच्या दोघांचे असेल. त्या वेळात स्वयंपाकघरात जाऊ नका, एवढी विनंती.

राहिली आईची भेट. ती मात्र यंदाच व्हायला हवी. त्यासाठी पाहुणे संपण्याची वाट पाहू नका. ज्या दिरावर किंवा नणंदेवर तुमचा भरवसा आहे, त्यांच्या हाती घराची किल्ली द्या, पंप कोठून सुरू होतो आणि आंबे उतरवायला कोण येते ते दाखवा, आणि दोघे निघा. ज्यांना तुम्ही "घर तुमचेच आहे" म्हणत आलात, त्यांना आठ दिवस ते सांभाळू दे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मेच, म्हणजे तुम्हा दोघांचा मिळून एकाच पूर्ण तिकिटात प्रवास होतो. कुंभार्ली घाट चढून कराड-साताऱ्यामार्गे जाणारी रात्रीची गाडी घ्या. दिवसा त्या पत्र्याखाली बसणे या उन्हात सोसणार नाही. आईसाठी अढीतला अर्धा तयार आंबा न्या, तो पुण्यात दोन-तीन दिवसांत पिकेल. त्यांच्यासमोर बसून तो कापायला तुमच्याजवळ वेळ असेल.

प्रश्न : मी आणि पत्नी पुण्यात नोकरी करतो. लग्नाला तीन वर्षे झाली, घर दोन खोल्यांचे. अकोल्याचे ऊन सोसत नाही म्हणून सासू-सासरे एप्रिलमध्ये आले आहेत, आणि माझे आई-वडीलही साताऱ्याहून अधूनमधून येतात. पत्नीला शनिवारी संध्याकाळी दोघांनीच बाहेर जावेसे वाटते. वडीलधाऱ्यांना घरी ठेवून फिरायला जाणे मला प्रशस्त वाटत नाही. दोन दिवसांसाठी जवळपास कोठे जाता येईल, हेही सुचवावे.

उत्तर : अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तुमच्या सासू-सासऱ्यांनी पुण्याला येणे ही गरज आहे. ते दोन महिने राहणार असतील, तर त्यांना पाहुणे न मानता घरातील माणसे मानावे, हे उत्तम. पाहुण्याला घरी ठेवून जाता येत नाही, पण घरातल्या माणसाला सांगून जाता येते. एवढे मात्र पाळा की, ते दारात चपला घालताना सांगू नका. गुरुवारीच सांगा की शनिवारी सहा ते दहा आम्ही बाहेर असू, तुमच्या जेवणाची सोय अशी आहे. लेक-जावई दोघे मिळून हसत बाहेर पडताना पाहणे हा सासू-सासऱ्यांच्या आनंदाचा भाग असतो. तुम्ही त्यांच्या संकोचाने घरात बसलात, तर आपली अडचण होते आहे, असे वाटून ते लवकर परततील, आणि तेही ऐन उन्हात. त्याबरोबरच एक सकाळ त्यांच्यासाठी राखा. गुडघे ठीक असतील तर पर्वती, नसतील तर सारसबाग. उन्हे चढण्याआधी घरी आणून पन्ह्याचा पेला हातात दिलात, की त्यांचा दिवस सुखात जाईल.

दोन दिवसांच्या सहलीसाठी मे महिन्यात महाबळेश्वर मी सुचवणार नाही, कारण तेथे तुम्हाला गाड्यांच्या रांगेत बसून पुण्याचीच आठवण येईल. माथेरानला जा, पण शनिवार-रविवार टाळून, एक दिवस रजा काढून. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत. तांबड्या मातीच्या वाटेवर झाडांच्या सावलीतून चालताना दोघांनाही हळू आवाजात बोलता येते, आणि तुमच्या पत्नीला नेमके तेच हवे आहे, असे पत्रावरून मला वाटते. नेरळहून १९०७ पासून धावणारी छोटी गाडी मिळाली तर अवश्य बसा. ती पावसाळ्यात बंद असते, म्हणून हा बेत जूनच्या आधीच करावा. मे सरताना जमले तर भंडारदरा. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की तेथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे उतरतात आणि अख्खे झाड एका लयीत उजळते, मिटते. तेथे बॅटरी आणि फोनचा उजेड बंद ठेवावा लागतो. तसे तासभर अंधारात जवळ उभे राहण्याची संधी तुम्हाला दोन खोल्यांच्या घरात मिळालेली नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांची उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या अखेरीपासून असते, म्हणून जुलैत तीन आठवडे महाराष्ट्रात येतो. ते सगळे दिवस नातेवाइकांच्या घरी जेवायला जाण्यात संपतात. आम्हा दोघांचे यावरून दर वर्षी भांडण होते.

उत्तर : तुमचा उन्हाळा येथे पावसाळा असतो, आणि निम्मा ताण तेथूनच येतो. घाटात दरड कोसळली, लोकल थांबली, कोकणातील गाड्यांना पावसाळी वेळापत्रक लागून त्या हळू धावू लागल्या, की आखलेल्या भेटी एकावर एक चढतात. म्हणून दोन्हीकडच्या नातेवाइकांना पहिल्या रविवारी एकाच ठिकाणी बोलवा आणि जेवण तुम्ही द्या. त्यानंतर घरी जायचे ते फक्त ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे, आणि तेथे ताट वाढायला न लावता दुपारी चहाला. पत्नीच्या माहेरी आणि तुमच्या आई-वडिलांकडे सारखेच मुक्काम करा, हे तिकिटे काढण्याआधी बोलून ठरवा. भांडणाचे खरे कारण बहुधा या मुक्कामांच्या हिशेबात आहे, असे तुमच्या पत्रातील शेवटच्या दोन ओळींवरून, ज्या मी येथे छापलेल्या नाहीत, मला दिसते. विमानात बसण्यापूर्वी त्या ओळी पत्नीला वाचून दाखवा.