दर महिन्याला ठरावीक 'फिरती भत्ता' येतो. तो भत्ता की पगार? बिलं द्यावी लागतात का?

तुमचा प्रश्न मला असा कळला. तुम्ही गोव्यात कुंडईच्या एका कारखान्यात मशीन बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करता. महिन्यातले काही दिवस कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशी फिरती असते. आधी फिरतीच्या दिवसाला ८०० रुपये मिळायचे. आता स्लिपवर दरमहा सरसकट १२,००० 'फिरती भत्ता' येतो, बेसिक १६,००० आणि घरभाडे ८,०००, असे एकूण ३६,०००. तुम्ही विचारलंय की यावर कर लागेल का, मालक बिलं मागू शकतो का, आणि कोल्हापुरात मावशीकडे मुक्काम केला तर पैसे कापता येतात का.

मी फोंड्याला लहान कारखान्यांची पगारपत्रकं करते. म्हणजे माझे पैसे तुमच्या पात्रांवासारख्याच (मालकासारख्याच) लोकांकडून येतात, हे धरून वाचा.

कराचं आधी उरकते, कारण विचारतात सगळे तेच आणि तुमच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नाही. वर्षाचे तुमचे ४,३२,००० होतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट (बिलं न दाखवता उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) त्याआधी मिळते ती वेगळीच. त्यामुळे भत्ता करपात्र धरा नाही तर करमुक्त, तुमच्या खिशातून काही जात नाही. ज्यांचा पगार मोठा आहे त्यांच्यासाठी नियम असा: कामासाठी नेहमीच्या ठिकाणापासून दूर गेल्यावर जेवणखाण, राहणं, येणंजाणं यासाठी दिलेला भत्ता प्रत्यक्ष जेवढा खर्च झाला तेवढाच करमुक्त. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १०(१४) आणि नियम २बीबी मध्ये होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत. ही सूट नव्या करप्रणालीतही मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. घरभाड्याची आणि एलटीसीची (रजेतल्या प्रवासखर्चाची) सूट मात्र तिथे मिळत नाही. आणि घरून कारखान्यात जायचं भाडं म्हणजे फिरती नव्हे. त्यासाठीची महिना १,६०० ची जुनी सूट २०१८ सालीच गेली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट आली.

आता खरा मुद्दा. मी प्रत्येक पगारपत्रकाला एकच प्रश्न विचारते: ज्या महिन्यात माणूस गोव्याबाहेर गेलाच नाही, त्या महिन्यातही ही रक्कम आली का? गणेशचवथीच्या महिन्यात तुम्ही बहुधा कुठेच गेला नसाल. तेव्हाही स्लिपवर १२,००० होते का? असतील तर तो फिरतीचा भत्ता नाही. तो तुमचा पगारच आहे, नाव तेवढं दुसरं दिलंय.

मालक हे का करतात? भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम), रजेचे पैसे, ओव्हरटाइम हे सगळं 'वेतना'वर मोजतात, आणि प्रवासभत्ता, किंवा कामाच्या स्वरूपामुळे येणारा खास खर्च भागवायला दिलेली रक्कम, वेतनात धरत नाहीत. पगाराचा एक तुकडा त्या खान्यात सरकवला की पुढची सगळी देणी आपोआप लहान होतात. सगळेच कपटाने करतात असं नाही. कित्येकांना कुणीतरी 'स्ट्रक्चर' करून दिलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच पुढे जातं.

यावर दोन बाजूंनी लगाम आलाय. पहिला, सर्वोच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०१९ चा विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणातला निकाल: जो भत्ता सगळ्यांना सरसकट आणि नेमाने मिळतो, तो पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. दुसरा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहिता, म्हणजे कामगारांसाठीचे नवे एकत्रित कायदे. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येप्रमाणे घरभाडे, प्रवासभत्ता वगैरे वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवायचा.

तुमचेच आकडे घ्या. वगळलेलं ८,००० आणि १२,००० मिळून २०,०००. निम्मे १८,०००. म्हणून २,००० वेतनात परत येतात आणि वेतन १६,००० च्या जागी १८,००० होतं. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, महिना २६ दिवसांचा धरून. १६,००० वर ती वर्षाला सुमारे ९,२३१ होते, १८,००० वर सुमारे १०,३८५. आणि ते १२,००० मुळात प्रवासाचे नाहीतच असं दाखवता आलं तर वेतन २८,००० आणि ग्रॅच्युइटी वर्षाला सुमारे १६,१५४. दहा वर्षांची नोकरी झाली की पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक ६९,००० च्या वर जातो. पीएफमध्ये मात्र तुमच्यासारख्याला फार फरक दिसणार नाही. सक्तीच्या वर्गणीची वेतनमर्यादा १५,००० धरली तर तुमचं बेसिकच तिच्या वर आहे.

दुसरीही बाजू आहे. रोजचा भत्ता खरोखर फिरतीच्या दिवसांपुरताच मिळत असेल, रक्कम वाजवी असेल, तर तो वेतनाबाहेर ठेवणं बरोबरच आहे आणि त्यात कामगाराचंही नुकसान नाही. कोल्हापुरात दोन वेळ जेवायचे पैसे तुमचे नव्हेत, ते कामाचे आहेत. ते पगारात मिळवा म्हणून भांडणारी माणसंही मी पाहिलीत. तिथे मी मालकाच्या बाजूने उभी राहते.

बिलांचं बघू. खाजगी कंपनीने दिवसाला किती भत्ता द्यावा, असा सर्वांना लागू होणारा दर आपल्याकडे कायद्यात नाही. नेमणूकपत्र, कंपनीचं धोरण आणि चालत आलेली पद्धत, यांवर सगळं ठरतं. कंपनी म्हणू शकते 'बिल आणा, तेवढे पैसे घ्या', किंवा 'हे ८०० घ्या, हिशेब नको'. दोन्ही चालतं. दर ८०० चा ठरवायचा आणि माणूस परतल्यावर 'बिलं ५२० चीच आहेत, तेवढेच घे' म्हणायचं, हे मात्र चालू देऊ नका. पद्धत बदलायची तर जायच्या आधी सांगायला हवी.

वाजवी दर कोणता, हे ठरवायला मी केंद्र सरकारचा स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या दौऱ्यांसाठीचा १३ जुलै २०१७ चा आदेश उघडते. खाजगी कंपनीवर तो बंधनकारक नाही, पण वाद मिटवायला बरा पडतो. त्यात जेवणासाठी पाचव्या वेतनस्तरापर्यंत दिवसाला ५००, सहा ते आठला ८००, नऊ ते अकराला ९०० असे मूळ दर आहेत, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढवायची तरतूद आहे. मला त्यातला सर्वांत आवडतो तो तासांचा हिशेब. सहा तासांहून कमी बाहेर असाल तर ३० टक्के, सहा ते बारा तास ७० टक्के, बारा तासांवर पूर्ण, आणि दिवस मध्यरात्र ते मध्यरात्र मोजायचा. म्हणजे सोमवारी रात्री दहाला फोंड्याहून पुण्याची बस धरली, मंगळवारी काम केलं आणि बुधवारी पहाटे पाचला घरी आलात, तर सोमवारचे ३० टक्के, मंगळवारचा पूर्ण, बुधवारचे ३० टक्के. ८०० च्या दराने १,२८०. आपल्याकडचे मालक याला 'एकच दिवस' म्हणतात. उलट चोर्ला घाटाने सकाळी सहाला बेळगावला जाऊन रात्री नऊला परतणाऱ्याला 'मुक्काम नाही म्हणून भत्ता नाही' असं सांगतात. या हिशेबाने त्याचे पंधरा तास झाले, त्याला पूर्ण भत्ता बसतो.

मावशीकडच्या मुक्कामाचं उत्तर यातच आहे. त्या आदेशात राहण्याचा खर्च, गावातल्या गावात फिरण्याचा खर्च आणि जेवण हे तीन वेगळे खाने आहेत. तुमच्या कंपनीनेही तसं केलं असेल तर मावशीकडे राहिल्यावर लॉजचे पैसे मागू नका, जेवणाचे आणि रिक्षाचे हक्काने घ्या. सगळं मिळून एकच रक्कम ठरली असेल, तर तुम्ही कुठे झोपलात हे विचारायचं मालकाला कारण नाही. खोटं लॉजचं बिल मात्र आणू नका. कोऱ्या बिलबुकांचा धंदा सगळीकडे चालतो, आणि नोकरी जाण्याइतकं ते गंभीर आहे.

जिथे बिल मिळतच नाही तिथे काय करायचं? आपल्या मोटारसायकल पायलटने (दुचाकी टॅक्सीवाल्याने) कधी पावती दिली आहे का? कोल्हापूरच्या रिक्षावाल्याकडूनही ती मिळत नाही. यूपीआयने पैसे द्या, नोंद आपोआप राहते. रोख दिलेत तर त्याच संध्याकाळी लिहून ठेवा: कुठून, कुठे, किती, कशासाठी. कदंब बसचं तिकीट, रेल्वेचं पीएनआर, टोलची नोंद, ग्राहकाच्या सही-शिक्क्याचा सर्व्हिस रिपोर्ट, हे चार कागद एकत्र असले की कोणताही हिशेबनीस गप्प होतो. हुशार टेक्निशियन सर्व्हिस रिपोर्टवर आल्या-गेल्याची वेळ लिहून घेतात, कारण तासांचा वाद तिथेच मिटतो. फिरतीला जाण्याचा आदेश लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. घाटात अपघात झाला तर तुम्ही कामावर होतात हे सांगणारा कागद तोच.

नेटवर 'पर डायम' (दिवसाचा भत्ता) शोधलंत तर बहुतेक अमेरिकेतलं मिळेल. तिथे जीएसए ही सरकारी संस्था गावागावाचे दर जाहीर करते आणि सरकारी दौऱ्यात पहिल्या आणि शेवटच्या दिवशी जेवणाचे ७५ टक्के देतात. ते आपल्या नोकरीला लागू नाही.

तुमचा पात्रांव हे वाचत असेल तर त्याच्यासाठीही थोडं. कोल्हापूरच्या लॉजच्या बिलावर गोव्याचा जीएसटी नंबर घातला म्हणजे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळेल असं नाही. लॉजला कर महाराष्ट्रात लागतो, आणि तिथे तुमची नोंदणी नसेल तर तो पैसा गेला. मोपा विमानतळाहून विमानाचं तिकीट काढताना मात्र कंपनीचा नंबर जरूर द्या, तिथे क्रेडिट मिळू शकतं. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोखीने दिलेला खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. आणि भत्ता दिला म्हणून ओव्हरटाइम संपत नाही. ज्यांना तो लागू आहे, त्यांना तो दुप्पट दराने वेगळा द्यायचा असतो.

एक आडवा मुद्दा, बांधकामावर माणसं आणणाऱ्या ठेकेदारांमुळे सुचला. नोकरी सुरू होण्याआधी प्रवासखर्चासाठी दिलेली उचल पगारातून वसूल करता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. ओडिशाहून किंवा झारखंडहून मुलगे आणायचे आणि पहिल्या पगारातून तिकीट कापायचं, हे सर्रास चालतं, पण ते बेकायदा आहे. नोकरीत असताना फिरतीसाठी घेतलेली आगाऊ रक्कम वेगळी: तिचा हिशेब द्यावा लागतो, आणि उरलेली परत केली नाही तर कापली जाऊ शकते. एकूण कपात मात्र वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये.

आता तुम्ही करायचं ते असं. मागच्या बारा महिन्यांच्या स्लिपा काढा आणि शेजारी प्रत्येक महिन्यात किती दिवस बाहेर होतात ते लिहा. दिवस कमी-जास्त आणि रक्कम तीच असेल, तर तो कागद घेऊन ऑफिसात जा आणि विचारा की हे १२,००० वेतन आहे की भत्ता. वेतन म्हणाले तर ग्रॅच्युइटीत आणि रजेच्या पैशांत धरायला सांगा, आणि फिरतीच्या दिवसांचे ८०० वेगळे मागा. भत्ता म्हणाले तर तो कुठल्या दिवसांचा, ते तारखांसकट लिहून मागा. उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तराचा नोकरी सोडताना काही उपयोग होत नाही. मार्ग निघालाच नाही तर राज्याच्या कामगार आयुक्तालयात अर्ज करता येतो, आणि तिथे सगळ्यात आधी याच स्लिपा मागतात.